कंपनीच्याच चाकांत चार पिस्टनचे कॅलिपर

पुढचे ब्रेक बदलायचे ठरवलं तेव्हा बहुतेकांनी मला आधी कॅलिपरचा, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा, रंग विचारला. चाकांबद्दल फक्त एकाच माणसाने विचारलं, आणि पुढचं सगळं घोडं तिथेच अडणार होतं. कंपनीची 17 इंची चाकं तशीच ठेवून पुढच्या अ‍ॅक्सलला चार पिस्टनचे (पॅड ढकलणाऱ्या चार दट्ट्यांचे) फिक्स्ड, म्हणजे न सरकणारे कॅलिपर बसवायचे, एवढंच काम. जानेवारीत मापं घ्यायला सुरुवात केली आणि शेवटचा कागद हातात पडला तेव्हा जून निम्मा उलटला होता. यातलं प्रत्यक्ष पान्याचं काम एका शनिवार-रविवारचं. बाकीचा सगळा वेळ मोजण्यात, वाट पाहण्यात आणि अर्ज भरण्यात गेला. याच वाटेने जाणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

मुळात दुखणं काय होतं? माणसं आणि सामान भरलेली गाडी लांब घाट उतरताना अर्ध्यावर आली की पेडल मऊ पडायचं. दाबावं तेवढं खाली जायचं आणि चाकांकडून जळकट वास यायचा. शहरात याच ब्रेकबद्दल काडीची तक्रार नव्हती. एकदाच जोरात ब्रेक मारला तर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागायचं, म्हणजे टायरची पकड संपेपर्यंत ब्रेक पुरत होते. हे नीट समजून घ्या. एबीएस लागत असेल तर त्या एका ब्रेकचं अंतर टायर ठरवतो. मोठे कॅलिपर लावून ते अंतर फारसं कमी होत नाही. मोठे ब्रेक उपयोगी पडतात ते दहाव्या, पंधराव्या वेळी दाबताना, उष्णता साठत गेल्यावर. 1,400 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवायची म्हणजे साधारण 540 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करायची, आणि त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्क झेलतात. वेग 140 असेल तर हीच ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. डिस्कला दोन वळणांमध्ये गार व्हायला वेळ मिळाला नाही की पॅड, मग कॅलिपर आणि शेवटी ब्रेक ऑइल तापतं.

म्हणून पहिला खर्च ऑइलवर केला. ज्यांना पुढचा सगळा खटाटोप टाळायचा असेल त्यांनीही इथूनच सुरुवात करावी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा 155 वर येते. डॉट 5.1 साठी हे आकडे 260 आणि 180 आहेत. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ पडतं. माझं जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. ते बदललं, जरा बरे पॅड टाकले आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. उरलेली निम्मी मात्र मिटेना. डिस्कच लहान असेल तर पॅड कितीही चांगले टाका, उष्णता मावणार कुठे? (डॉट 5 आणि डॉट 5.1 यांत घोळ करू नका. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत ते वापरत नाहीत.)

चाकं का बदलली नाहीत, हेही सांगते. मोठी चाकं घेतली असती तर कॅलिपरचा प्रश्नच उरला नसता. पण मग टायर बदला, टायरची उंची कमी झाली की खड्ड्यांत रिमला मार बसणार, स्टेअरिंगचा अंदाज बदलणार आणि कागदोपत्री दुसरा बदल दाखवावा लागणार. शिवाय टायर नुकतेच टाकलेले. तेव्हा अट स्वतःलाच घालून घेतली की चाक कंपनीचं, स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) नाही, आणि या चाकात बसतील तेवढेच ब्रेक घ्यायचे.

मग मोजमाप. चाकावर लिहिलेला 17 इंच हा आकडा टायरची कड जिथे बसते तिथला असतो. रिमच्या आतल्या पोकळीत, टायर चढवता यावा म्हणून जो खोलगट पट्टा असतो, तिथे आतला व्यास बराच कमी भरतो. हा पट्टा प्रत्येक रिममध्ये वेगळ्या जागी असतो. म्हणून ‘17 इंचीत 312 मिलिमीटरची डिस्क बसते’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या 17 इंचीत, ते महत्त्वाचं. अडचण दोन जागी येते. पहिली, कॅलिपरची वरची पाठ आणि रिमची आतली भिंत यांच्यात. दुसरी, कॅलिपरचा बाहेरचा गाल आणि स्पोकची मागची बाजू यांच्यात. कंपनीच्या सरकत्या कॅलिपरला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, त्यामुळे त्याचा बाहेरचा भाग पातळ असतो. फिक्स्ड कॅलिपरला दोन्ही बाजूंना पिस्टन, म्हणजे बाहेरचा गालही तेवढाच जाड. स्पोकशी भांडण बहुतेक वेळा इथेच होतं.

कॅलिपर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या खऱ्या मापाचा नकाशा देतात. तो कागदावर छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा, कापायचा आणि चाक काढून त्यात फिरवून पाहायचं. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून 100 टक्के मापातच छापा. नकाशावर मापाची एक रेघ असते, तिच्यावर पट्टी ठेवून खात्री करून घ्या. दोन टक्क्यांचा फरक पडला तरी त्रिज्येत तीन मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, आणि आपला सगळा खेळ तेवढ्याच मिलिमीटरांचा असतो.

चाक जमिनीवर पालथं टाकलं, मधल्या भोकात पुठ्ठ्याचं केंद्र धरलं आणि सपाट कड हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागावर ठेवून पुठ्ठा पूर्ण वर्तुळात फिरवला. स्पोकपाशी साडेचार मिलिमीटर जागा निघाली. रिमच्या भिंतीपाशी सहा. नकाशावर किमान तीन मागितले होते. मी खूश. पण ज्याच्याकडे काम करून घ्यायचं होतं तो मिस्त्री चाकात बोट घालून एका जागी थांबला आणि म्हणाला, “ताई, या वजनांचं काय?” बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं! ती रिमच्या आतल्या भिंतीवर, नेमकी कॅलिपरच्या पाठीवरून फिरणाऱ्या पट्ट्यात होती. जाडी चार मिलिमीटर. सहातून चार गेले, उरले दोन.

दोन मिलिमीटर का चालत नाहीत? वळणावर चाक किंचित लवतं, तापल्यावर कॅलिपर आणि रिम दोन्ही थोडे फुगतात, आणि रस्त्यावरचा बारीक खडा फटीत शिरला की रिमला आतून गोल ओरखडा पाडत जातो. चिकटवलेलं वजन एकदा कॅलिपरला घासलं की निघून तरी जातं किंवा अडकतं तरी. तोडगा सोपा होता. वजनं काढून पुन्हा बॅलन्सिंग करायचं आणि या वेळी ती कॅलिपरच्या पट्ट्याबाहेर, आतल्या कडेकडे लावायची. बॅलन्सिंगच्या यंत्रावर वजनाची जागा बदलून हिशोब मागता येतो, फक्त आधी सांगावं लागतं. मी रिममध्ये आतून मार्करने दोन रेघा मारून ठेवल्या आणि मधल्या पट्ट्यात काही चिकटवायचं नाही असं बजावलं.

तरीही मिस्त्रीचं समाधान झालं नव्हतं. “कागद वाकतो, कॅलिपर वाकत नाही,” असं म्हणून त्याने पार्ट आल्यावर करायची आणखी एक परीक्षा सांगितली. ती पुढे येईलच.

स्पेसरचा सल्लाही भरपूर मिळाला. पाच मिलिमीटरची चकती टाकली की स्पोक कॅलिपरपासून लांब जातो, हे खरं. पण रिमच्या भिंतीपाशी तिचा काडीचा उपयोग नाही, कारण चाक फक्त बाहेर सरकतं, मोठं होत नाही. वर बोल्ट तेवढे कमी आत जातात, हबची मधली कड चाकाला पुरेशी धरत नाही आणि स्टेअरिंगची भूमिती थोडी बदलते. योग्य लांबीचे बोल्ट आणि हबवर नेमके बसणारे स्पेसर घेऊन लोक हे नीट करतातही. मला ते नको होतं.

आता पिस्टनचा हिशोब. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, कारण चाकात बसणारा कॅलिपर गाडीला मानवेलच असं नाही. पेडलच्या मागचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा) तोच राहणार आहे. नव्या पिस्टनांचं क्षेत्रफळ फार वाढलं तर त्यांना ढकलायला जास्त ऑइल लागतं, पेडल खोल जातं, आणि पुढचे ब्रेक मागच्यांच्या मानाने भारी होतात. एबीएसची आखणी कंपनीने मूळ प्रमाणावर केलेली असते. तुलना करताना सरकत्या कॅलिपरच्या एका पिस्टनसमोर फिक्स्ड कॅलिपरच्या एकाच बाजूचे पिस्टन धरायचे. माझा जुना पिस्टन 57 मिलिमीटर व्यासाचा होता, म्हणजे सुमारे 2,552 चौरस मिलिमीटर. नव्या कॅलिपरला एका बाजूला 38 आणि 42 चे दोन पिस्टन, एकूण सुमारे 2,520. फरक जेमतेम सव्वा टक्का. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कॅलिपरला 44 चे दोन होते. ते 3,041 भरतात, म्हणजे 19 टक्के जास्त. दिसायला तो दणकट होता आणि चाकातही बसत होता. तरी बाद केला.

मग जास्तीची ताकद कुठून येते? डिस्कमधून. जुनी 288 मिलिमीटरची होती, नवी 312 ची. पॅड केंद्रापासून 12 मिलिमीटर बाहेर सरकला की तेवढ्याच दाबाला ढोबळमानाने 10 टक्के जास्त आघूर्ण (फिरतं चाक अडवणारा जोर) मिळतं. पण मला खरी हवी होती ती जास्तीची धातू आणि उष्णता टाकायला जास्तीचा पृष्ठभाग. कॅलिपर निवडताना आणखी एक गोष्ट पाहिली. पिस्टनला धूळ अडवणारं रबर आहे का? शर्यतीच्या काही कॅलिपरांना ते नसतं, कारण तिथे ते वारंवार उघडून साफ करतात. रोजच्या गाडीत, चिखलपाण्यात, ते हवंच. सुटं सील किट मिळतं का, हेही विचारून घेतलं.

ऑर्डर देण्याआधी कागद. ज्यांना हा भाग नकोसा वाटतो त्यांचं दुःख मी समजू शकते, पण ब्रेक हा सुरक्षेचा भाग आहे आणि त्यातला बदल न सांगता केला तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. नियम देशागणिक वेगळे. काही ठिकाणी आधी परवानगी लागते, काही ठिकाणी फक्त नंतर तपासणी, म्हणून आपल्या नोंदणी कार्यालयात आधी लेखी विचारा. माझ्या बाबतीत क्रम होता आधी अर्ज, मग काम, मग तपासणी. अर्जासोबत उत्पादकाचं ‘या मॉडेलला हे किट बसतं’ असं पत्र, मूळ आणि नव्या भागांची मापं आणि काम करणाऱ्या गॅरेजचं हमीपत्र मागितलं. फेब्रुवारीत दिलेला अर्ज मार्चमध्ये परत आला, कारण गॅरेजच्या अंदाजपत्रकावर नुसतं ‘ब्रेक किट’ लिहिलं होतं. त्यांना कॅलिपर, डिस्क, ब्रॅकेट (कॅलिपर धरणारा भाग), होज (ऑइलची लवचिक नळी) आणि पॅड यांचे पार्ट नंबर वेगवेगळे हवे होते, आणि चासी नंबर प्रत्येक पानावर. तेव्हा पहिल्याच दिवशी बिलं तशी सुटी करून मागा.

विमा कंपनीला मी ईमेलही केला आणि पत्रही दिलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, “हो हो, चालेल.” पण फोनवरच्या ‘चालेल’ची पोच नसते. लेखी उत्तर यायला बराच वेळ लागला. हप्ता किंचित वाढला आणि पॉलिसीवर बदलाची एक ओळ आली. ती ओळ हाच सगळा उद्देश होता. सर्व्हिस सेंटरनेही लेखी कळवलं की पुढच्या ब्रेकचे भाग आता वॉरंटीत नाहीत, बाकीच्या गाडीची वॉरंटी कायम. मला ते रास्त वाटलं.

खर्चाचं गणित आकड्यांशिवाय सांगते. कॅलिपर एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास गेले. उरलेल्यात डिस्क, पॅड, ब्रॅकेट, स्टीलच्या जाळीचे होज, ऑइल, बॅलन्सिंग, मजुरी आणि तपासणीची फी. किटची जाहिरात पाहून खिशाचा अंदाज बांधणाऱ्यांनी किटमध्ये पॅड आणि होज आहेत की नाहीत ते आधी पाहावं. बऱ्याचदा नसतात.

पार्ट एप्रिलच्या अखेरीस आले. खोके उघडल्याबरोबर पहिलं काम केलं ते कॅलिपरवर कोरलेले नंबर आणि डिस्कच्या कडेवरचं किमान जाडीचं माप यांचे फोटो काढायचं. चाक लागल्यावर हे काही दिसत नाही आणि तपासणीत तेच विचारतात.

शनिवारी सकाळी काम सुरू केलं. चाकांचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मागच्या चाकांना अडण्या लावल्या, जॅकने उचलली आणि स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक घालतात. कॅलिपर ब्रॅकेटचे बोल्ट लांब दांड्याला लगेच आले. डिस्कचा छोटा स्क्रू मात्र गंजून एकजीव झालेला. त्याला आधी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि मग हातोडीने ठोकून फिरवायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने काढला. साध्या स्क्रूड्रायव्हरने झटापट केली असती तर डोकं गेलं असतं.

डिस्क निघाल्यावर हबचा चेहरा दिसला, आणि इथे मिस्त्रीने जो वेळ घालवला तो पाहून मी आधी वैतागले होते. हबवर बोल्टांच्या भोकांभोवती गंजाचे पापुद्रे होते. नखाने जाणवतील न जाणवतील असे. त्याने नवी डिस्क तशीच चढवली, बोल्टांनी सारखी आवळली, डायल गेज लावलं आणि हाताने डिस्क फिरवली. काटा 0.09 मिलिमीटर हलला. “आता बघा,” म्हणून डिस्क उतरवली, वायर ब्रश आणि बारीक सँडपेपरने हब चकचकीत होईपर्यंत घासला, भोकांच्या कडा वेगळ्या साफ केल्या, पुसला आणि डिस्क परत चढवली. काटा 0.03 वर. बहुतेक गाड्यांना 0.05 च्या आसपासची मर्यादा असते. डिस्क अशी किंचित वाकडी फिरत राहिली की काही हजार किलोमीटरांनी तिची जाडी असमान होते आणि ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं. मग लोक म्हणतात, महागडी डिस्क वाकली.

नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसला. डावी-उजवी ओळखायची ती आतल्या वाकड्या पात्यांवरून. चाक पुढे फिरत असताना पाती केंद्राकडून कडेकडे जाताना मागे झुकलेली हवीत, म्हणजे हवा बाहेर फेकली जाते. वरच्या खाचांची दिशा पाहून ठरवू नका. मोठ्या डिस्कला मागचा पत्र्याचा धूळरोधक लागत होता, त्याची कड थोडी मागे वाकवावी लागली.

कॅलिपरलाही डावा-उजवा असतो. ऑइलमधली हवा (एअर) काढायचे निपल वर यायला हवेत, कारण हवा वरच जमते. आणि 38 व 42 अशा दोन मापांमागे कारण आहे. फिरती डिस्क पॅडमध्ये ज्या टोकाने शिरते तिकडे लहान पिस्टन येतो. तसं नसेल तर त्या टोकाला पॅड जास्त झिजतो आणि तिरपा होतो. ब्रॅकेट लावला, कॅलिपर चढवला आणि डिस्क बरोबर मधोमध येते का ते दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडे एक पातळ शिम (अंतर भरणारी चकती) टाकावी लागली. बोल्ट उत्पादकाने दिलेल्या आकड्यानेच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले. हे आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून इथे देत नाही.

आता ती परीक्षा. होज जोडण्याआधी मिस्त्रीने कॅलिपरच्या पाठीवर आणि बाहेरच्या गालावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे छोटे गोळे चिकटवले, चाक चढवून बोल्ट पूर्ण आवळले आणि हळूहळू एक फेरा फिरवला. चाक काढल्यावर गोळे दाबून चपटे झालेले. व्हर्नियरने त्यांची जाडी मोजली. स्पोकपाशी 4.2, भिंतीपाशी 5.8. म्हणजे पुठ्ठ्याने जवळजवळ खरं सांगितलं होतं. त्या चपट्या मातीकडे पाहून जो हुश्श झालं ते नंतर तपासणीचा शिक्का पाहूनही झालं नाही.

होज बदलताना जुना काढला की पाइपच्या तोंडाला लगेच टोपण लावा. टाकीतलं ऑइल संपून एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो. पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. जोडल्यावर स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून आणि चाक लोंबकळत असताना होज कुठे ताणला जात नाही, पिळला जात नाही, टायरला लागत नाही ना ते पाहिलं. ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं. पाण्याची बाटली हाताशी ठेवली होती.

एअर काढायचं काम माझ्याकडे, म्हणजे पेडलवर पाय. फिक्स्ड कॅलिपरला दोन निपल असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि दोन्हीतून हवा काढावी लागते. कुठलं आधी, ते किटच्या कागदावर असतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी कधी वापरात येत नाही तिथे गंज असू शकतो, आणि पेडल तळापर्यंत दाबलं की त्यातून सील फाटायची भीती. “दाबा… धरा… सोडा,” असं करत पारदर्शक नळीतले बुडबुडे संपेपर्यंत चाललं. बाहेरच्या निपलमधून बुडबुडे संपले असं वाटून थांबलो, कॅलिपरवर रबरी हातोडीने टकटक केलं आणि आणखी एक मोठा बुडबुडा निघाला. हे टकटक कराच. शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर दाबून धरलं. खचलं नाही.

पॅडमध्ये झीज दाखवणाऱ्या वायरची जागा नव्हती, त्यामुळे डॅशबोर्डवर दिवा लागला. त्या वायरचं टोक जोडून दिवा विझवता येतो, पण मग झीज डोळ्यांनी पाहायची जबाबदारी आपली. मिस्त्रीने कॉम्प्युटरवर तशी नोंद करून ठेवली.

रविवारी पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर पॅड रुळवले, म्हणजे डिस्कवर घासून नीट बसवले. आधी ताशी 60 वरून 10 पर्यंत मध्यम दाबाने बरेचदा, मग 90 वरून जरा जोराने काही वेळा, मध्ये थोडं अंतर जाऊ देत. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की त्याचा डाग डिस्कवर उमटतो. वास येतो, थोडा धूरही दिसतो, घाबरू नका. नंतर ब्रेक फारसे न वापरता गार होईपर्यंत गाडी चालवली. डिस्कवर सगळीकडे सारखी करडी झाक आली की झालं.

तपासणीला जाण्याआधी हे पूर्ण होणं आवश्यक आहे, कारण तिथे गाडी रोलरवर चढवून दोन्ही बाजूंचा जोर मोजतात. न रुळलेले पॅड कमी आणि असमान आकडा दाखवतात. आमच्या डाव्या-उजव्यातला फरक मर्यादेच्या खूप आत आला. निरीक्षकांनी पार्ट नंबर विचारले, मी फोटो दाखवले. त्यांनी छोट्या आरशाने एका बाजूचा नंबर पडताळला आणि चाक काढायची वेळ आली नाही. होजवरचा प्रमाणपत्राचा ठसाही पाहिला. मग शेरा मारून फाइल पुढे गेली, आणि नोंदणीत बदल होऊन यायला जून उजाडला.

आता चालवतानाचं. शहरात कुणाला सांगितल्याशिवाय फरक कळणार नाही. पेडलचा अंदाज जवळजवळ पूर्वीसारखाच, थोडा जास्त घट्ट. त्यात होजचा वाटा किती आणि कॅलिपरचा किती, हे सांगणं अवघड. पहिला फरक कळला तो भरल्या गाडीने तोच घाट उतरताना. खाली पोचेपर्यंत पेडल वर होतं तिथेच होतं. गैरसोयीही आहेत. गार सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला चीं असा आवाज येतो. चाकांवर काळी पूड जास्त बसते. आणि चाकं धुवायचं आम्लयुक्त क्लीनर आता वापरता येत नाही, कॅलिपरचा पृष्ठभाग खराब होतो.

शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासले आणि होजच्या जोडांवर टिश्यू पेपर दाबून ओल नाही ना ते पाहिलं. हजार किलोमीटरांनी आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी मोजली, सारखी निघाली. फिक्स्ड कॅलिपरला पाठीमागून खिडकी असते, त्यामुळे यासाठी काही उघडावं लागत नाही.

राहिली स्टेपनी. माझी कंपनीने दिलेली स्टेपनी लहान रिमची आहे आणि ती नव्या कॅलिपरवर चढतच नाही. गॅरेजमध्येच लावून पाहिली म्हणून कळलं. रात्री रस्त्याच्या कडेला कळायला नको. त्यामुळे पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे, म्हणजे दोनदा जॅक. घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना हे सांगितलं आहे आणि डिकीत स्टेपनीवरच तशी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्या शेजारी दुसरी चिठ्ठी आहे बॅलन्सिंगवाल्यासाठी, वजनं कुठे लावायची नाहीत त्याची.